मामाजींच्या पोटात दुर्बीण

लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात मी सासऱ्यांशी तीनच वाक्यं बोलले होते. ‘हो जी’, ‘नाई जी’ आणि ‘चहा ठेवला आहे’. त्यांना माझं बोलणं नको होतं असं नव्हे. ते स्वतःच इतकं बोलत की मधे शिरायला फट सापडायची नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, आर्वीच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक होते. रिटायर होऊन वर्ष झालं होतं, पण सकाळी सातला धुतलेला सदरा घालून ते डेपोत जायचेच. नव्या नियंत्रकाचा आवाज त्यांना पटत नसे. तो कर्ण्यात बोलायचा तरी कोणाला ऐकू जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग हे स्वतःच फलाटावर उभे राहून, कर्ण्याशिवाय, खरांगण्यामार्गे वर्ध्याला जाणारी गाडी लागली म्हणून ओरडत. आमचं घर डेपोपासून दोन गल्ल्या आत. स्वयंपाकघरात बसून मला गाड्यांच्या वेळा कळायच्या.

त्यांच्या पोटात मात्र बऱ्याच वर्षांपासून आग पडायची. त्यावर त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. ‘पोट खाली राह्यलं का दुखते, भरलं का थांबते. मंग बिमारी कायची हाय? भुकेची,’ असं ते सांगत, आणि दुखलं की काहीतरी खात. ते काहीतरी म्हणजे बहुधा तेलात परतलेला मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकर. त्यावरही जळजळ राहिलीच तर ग्लासभर पाण्यात खायचा सोडा. सोड्याचा फेस वर आला की मोठा ढेकर देऊन म्हणत, ‘निंगाली गाडी.’

त्या मे महिन्यात गाडी निघेनाशी झाली. एकोणीसशे ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. एका सकाळी फलाटावरून आवाज आला, ‘वर्धा, खरांगणामार्गे वर्...’ आणि तुटला. सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. त्यांच्या संसारात तो आवाज असा अर्ध्यावर तुटलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. पाच मिनिटांनी दोन कंडक्टर मामाजींना धरून घेऊन आले. चेहरा कागदासारखा पांढरा, अंगाला दरदरून घाम, आणि त्याही अवस्थेत ते कंडक्टरला सांगत होते, ‘मले काही नाई झालं. तू गाडी काऊन सोडून आला बे?’

गावातल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, ‘शौचाला काळं होतं का?’

‘चार रोजापासून होते. डांबरावानी,’ मामाजी म्हणाले.

‘मग सांगितलं नाही कोणाला?’

‘मले वाटलं, काळ्या मसाल्यानं होत असन.’

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. पोटात कुठेतरी रक्त वाहतंय, वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे पोटाचे वेगळे डॉक्टर आले आहेत, त्यांच्याकडे आत पाहायची दुर्बीण आहे.

प्रश्न आला, सोबत जायचं कोणी? माझा नवरा रेल्वेत, बल्लारशाला. त्याला रविवारशिवाय सुट्टी नाही. सासूबाईंना बस लागायची. एस.टी.च्या नियंत्रकाची बायको, पण डेपोचं फाटक दिसलं तरी तोंडाला पदर लावत. उरले मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवत होते आणि उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. जीपमध्ये मागच्या बाकावर मामाजी आडवे, त्यांचं डोकं माझ्या मांडीशी ठेवलेल्या गाठोड्यावर, आणि माझा पदर डोक्यावरून वाऱ्याने सारखा उडतो आहे, असे आम्ही वर्ध्याला पोहोचलो. सबंध रस्ता ते डोळे मिटूनच सांगत होते, ‘आता खरांगणा आलं. आता फाटा आला. याले म्हना हळू घे, पुढं खड्डा हाय.’ खड्डा खरंच होता.

दोन बाटल्या रक्त चढल्यावर त्यांच्या गालांवर थोडा रंग आला, आणि रंगाबरोबर आवाजही. वॉर्डातल्या बाकीच्यांना त्याचं फारसं सुख वाटलं नसावं. त्या वॉर्डाला सगळे ‘पोटाचा वॉर्ड’ म्हणत. वीस खाटा, भिंतीत खस लावलेला एक कूलर, तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करायचा. आणि गंमत अशी की त्या वॉर्डात ज्यांना काही खायची मनाई होती ते सगळे दिवसभर खाण्याविषयीच बोलत. कोणाच्या सासुरवाडीची पाटोडी कशी, कोणाच्या गावची सांबारवडी कशी, हिंगणघाटच्या कुठल्या हाटेलात रस्सा कसा. ऐकणाऱ्याला वाटावं, वरातीचे पाहुणे बसलेत.

मामाजींच्या शेजारच्या खाटेवर तर खराच नवरदेव होता. हिंगणघाटच्या गिरणीत कामाला, पंचविशीचा, अंगाने सुकलेला, डोळे लिंबासारखे पिवळे. त्याला कावीळ झाली होती. ती कशी उघडकीस आली हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगत असे.

‘हळद लावली नं जी,’ तो म्हणायचा. ‘पिवळा दिसन तं हळदीनं दिसून राह्यला, असं समद्याईले वाटलं. माही आई तं खूश होती, पोराले हळद चांगली चढली म्हने. लगन लागलं. मंग दुसऱ्या रोजी आंघोळ घातली. हळद निंगेना. दगडानं घासलं तरी निंगेना. बायकोच्या मामानं डोळे पाह्यले आन् म्हने, जावई तं आतूनच पिवळा हाय!’

त्याच्या आईने कावीळ उतरवणाऱ्याकडून काड्यांची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली होती. कावीळ उतरत जाते तशी माळ लांब होत जाते म्हणे. पोटाचे डॉक्टर तरुण होते, मोठ्या शहरात शिकून आलेले. त्यांनी माळ हातात घेऊन नीट पाहिली आणि म्हणाले, ‘राहू द्या गळ्यात. पण याला इथून हलवायचं नाही आणि तेलकट द्यायचं नाही.’ तेव्हापासून माळ रोज वाढत होती, रक्तातली कावीळ रोज उतरत होती, आणि त्या आईच्या डोळ्यांत डॉक्टरांविषयी एक प्रकारची दया दिसायची, उगाच मेहनत करतो बिचारा अशी.

तर, तेलकट द्यायचं नाही. त्यामुळे नव्या नवरीच्या माहेराहून आलेला चिवड्याचा मोठा डबा त्या पोराच्या खाटेखाली तसाच पडून होता.

चौथ्या दिवशी मामाजींची दुर्बीण ठरली. आदल्या संध्याकाळी डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले, ‘काका, रात्री आठनंतर काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. पोट रिकामं पाहिजे, तरच मला आत दिसेल.’ मामाजी म्हणाले, ‘बिलकुल नाई खात.’ वॉर्डात दुर्बिणीविषयी नाना बातम्या होत्या. ती काळी नळी कपाटात खुंटीला उभी टांगलेली असते. तिच्या तोंडाशी दिवा असतो. ती इकडून घालतात आणि तिकडून काढतात. ही शेवटची माहिती नवरदेवाने दिली होती.

सकाळी मामाजींना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले. दाराला अर्धाच पडदा होता, त्यामुळे दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. थोडा वेळ घशातले आवाज आले. मग डॉक्टर ‘छान, छान’ म्हणाले. आणि मग डॉक्टरांचा आवाज आला, एकदम वेगळा.

‘काका, सकाळी काही खाल्लं का?’

नळी तोंडात असताना बोलता येत नाही. सिस्टर म्हणाली, ‘हाताने नाही म्हणताहेत, सर.’

‘नक्की नाही?’

‘दोन्ही हातांनी नाही म्हणताहेत.’

‘मग हे हिरवं काय दिसतंय? सिस्टर, तुम्ही बघा. पान आहे ना हे?’

सिस्टरने बहुधा नळीला डोळा लावला असावा. ‘गोडनिंबाचं आहे, सर, कढीपत्ता,’ ती म्हणाली. ‘आणि त्याच्या बाजूला शेंगदाणा.’

‘काका, हे झाड तुमच्या पोटात उगवलं का?’

आतून एक लांब, गुळणी केल्यासारखा आवाज आला. त्याचा अर्थ कोणालाच लागला नाही.

मामाजी बाहेर आले तेव्हा त्यांची नजर खाली होती. उभ्या आयुष्यात त्यांनी फुकट्या प्रवाशांना पकडलं होतं, खोटे पास ओळखले होते, आणि आज त्यांचं स्वतःचं खोटं त्यांच्याच पोटातून दिवा लावून पकडलं गेलं होतं. वॉर्डात पोहोचल्यावर नवरदेवाने आधीच हात वर केले. ‘डबा माहा होता, पन मी नाई देल्ला. त्याईनंच घेतला.’

‘एकच मूठ घेतली बे,’ मामाजी म्हणाले. ‘पहाटपासून कळ येऊन राह्यली होती. आन् मले काय मालूम, त्याईले पान बी दिसते म्हून!’

दुर्बीण दोन दिवस पुढे गेली. डॉक्टरांनी या वेळी माझ्यावर जबाबदारी टाकली. मामाजींच्या खाटेच्या डोक्याशी एक पाटी लावली गेली: ‘यांना काहीही खायला देऊ नये.’ मामाजींनी ती उलट्या मानेने वाचली आणि पहिल्यांदाच थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘सूनबाई, नागपूरच्या महाराजबागेत वाघाच्या पिंजऱ्याले अशीच पाटी हाय.’

मला हसू आवरलं नाही. पदर तोंडात कोंबून मी खिडकीकडे वळले, पण खांदे हलत होते. मागे वळून पाहिलं तर तेही हसत होते, पोट धरून, कारण हसलं की दुखायचं.

तो डबा मी नवरदेवाच्या आईकडे देऊन टाकला आणि रात्रभर स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या खेपेला पोट रिकामं होतं, पण गोष्ट आणखी अवघड झाली. एकदा अनुभव घेतल्यावर मामाजी नळी गिळायलाच तयार होईनात. घसा बधिर करायचं कडू औषध दिल्यावर ते घाबरले. ‘माहा आवाज गेला! सूनबाई! माहा आवाज गेला!’ हे ते ज्या आवाजात ओरडले तो बाहेरच्या नळावर पाणी भरणाऱ्यांनीही ऐकला असेल. डॉक्टर दारात आले, कपाळावर घाम. ‘तुम्ही आत या,’ मला म्हणाले. ‘तीन वेळा प्रयत्न केला. दात मिटून घेताहेत. तुमचं ऐकतील का?’

माझं? मी त्यांच्यासमोर चहा ठेवून मागल्या पावली जाणारी बाई. पण आत गेले. मामाजी डाव्या कुशीवर, दातांत प्लास्टिकची कडी, गालावर लाळ, डोळ्यांत पाणी, आणि दोन्ही हातांनी सिस्टरचं मनगट घट्ट धरलेलं. मला एकाएकी माझ्या वर्गातली पोरं आठवली. शाळेचा पहिला दिवस, दाराची चौकट धरून रडणारी. त्यांच्याशी मी कधी हळू बोलत नाही. हळू बोललं की ती आणखी रडतात.

‘हात सोडा!’ मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. ‘सिस्टरचा हात सोडा आधी. सोडला? आता इकडे बघा, माझ्याकडे. नाकाने श्वास घ्या. घ्या म्हणते ना! हं. आता गिळा. गिळा! पुन्हा गिळा. रडायचं नाही. शाब्बास! शाब्बास रे माझ्या...’

‘राजा’ हा शब्द ओठांवर आला होता तो मी कसाबसा गिळला, आणि त्याच क्षणी मामाजींनी नळी गिळली. डॉक्टर एका डोळ्याने दुर्बिणीत पाहत होते, पण त्यांचा दुसरा डोळा माझ्याकडे होता. पदर कधीच खांद्यावर घसरला होता. मामाजी डोळे न मिटता माझ्याकडे पाहत होते, हात मांडीवर ठेवून, अगदी पहिलीतल्या मुलासारखे.

‘तुम्हाला पाहायचंय?’ डॉक्टरांनी विचारलं. शिकणाऱ्या पोरांसाठी त्या दुर्बिणीला बाजूने आणखी एक नळी जोडलेली होती, दुसऱ्या माणसाला पाहता यावं म्हणून. मी वाकून डोळा लावला.

आधी नुसतं लाल दिसलं. मग डॉक्टरांनी कसलीशी चकती फिरवली आणि एक ओली, चमकणारी, गुलाबी गुहाच समोर उघडली. घड्या घड्या पडलेल्या, आणि त्या हळूहळू हलत होत्या, झोपेत कोणी श्वास घ्यावा तशा. मला वाटलं होतं, आत काहीतरी भयंकर असेल. पण ते सुंदर होतं. ‘हे पाहा,’ डॉक्टर म्हणाले. जठर संपतं तिथे एक पांढरट खळगा होता, सदऱ्याच्या बटनाएवढा, कडेला लाली. ‘हा व्रण. इथूनच रक्त गेलं. आता थांबलंय.’

मग त्यांनी बारीक चिमट्याने त्या खळग्याच्या कडेचे दोन-तीन कण काढले आणि बाटलीत टाकले. कशासाठी ते मी बाहेर आल्यावर विचारलं. ‘बहुतेक साधाच आहे,’ ते म्हणाले. ‘पण जठरातला व्रण आहे, खात्री करून घ्यावी लागते. आठ दिवस लागतील.’ खात्री कसली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही कळलं होतं.

ते आठ दिवस मामाजी दूध आणि गोळ्यांवर होते. नव्या गोळ्या निघाल्या होत्या, पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या, आणि त्यांनी दोन दिवसांतच त्यांची कळ थांबली. इतक्या वर्षांची आग गेल्यावर ते जरा गोंधळलेच. सारखे पोटावर हात ठेवून पाहायचे, पाकीट जागेवर आहे का पाहावं तसे. पण बोलणं कमी झालं. दुर्बिणीच्या खोलीतल्या माझ्या ओरडण्याविषयी ते काही बोलले नाहीत, आणि मी परत पदर डोक्यावर घेऊन ‘हो जी’वर आले होते.

एका दुपारी वॉर्ड झोपला होता. कूलर खडखडत होता. मामाजी छताकडे पाहत म्हणाले, ‘सूनबाई, तू पाह्यलं ना आत?’

‘हो जी.’

‘खराब होतं का?’

‘नाही जी. चांगलं होतं. गुलाबी. नुसती एक जखम होती, बटनाएवढी.’

‘बटनाएवढी?’ ते जरा रागावलेच. ‘एवढ्या बटनासाठी मी फलाटावर पडलो?’ मग पोटावर हात ठेवून म्हणाले, ‘माह्या मोठ्या भावाचं बी असंच झालतं. थो घरीच गेला. कोनं आत पाह्यलं नाई. पाह्याले काही नोतंच तवा. त्याले बी ठेचा लागे.’

मी म्हणाले, ‘मामाजी, ते तसं नव्हतं. मी स्वतः पाहिलं ना.’ मला त्यातलं काय कळत होतं? काहीच नाही. पण पहिलीच्या मुलाला गुरुजींचं बोलणं जसं पटतं तसं त्यांना ते पटलं. त्यांनी मान हलवली आणि कुशीवर वळून झोपले. मी मात्र त्या रात्री रुग्णांसोबतच्या बायकांच्या ओसरीत झोपू शकले नाही.

नवव्या दिवशी कागद आला. डॉक्टर स्वतः तो हातात धरून वॉर्डात आले, आणि त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं. ‘काका, साधा व्रण आहे. दुसरं काही नाही. गोळ्या नेमाने घ्या, तिखट बंद, सोडा बंद, विडी बंद.’

मामाजींनी एकेक ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हिनं आधीच सांगतलं होतं.’ डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले आणि मी जमिनीत शिरायला जागा शोधू लागले.

आर्वीला परतल्यावर पंधरा दिवस घरात माणसांची रीघ होती. गावात दुर्बीण गिळलेला हा पहिलाच माणूस. मामाजी खाटेवर बसून सगळं साग्रसंगीत सांगत. चिवड्याचा भाग गाळून. ‘आन् माह्या सुनेनं मले आतून पाह्यलं,’ हे वाक्य आलं की आलेल्या बायका माझ्याकडे अशा पाहत, जणू मी सासऱ्यांचं कपाट चोरून उघडलं असावं. सासूबाईंच्या तर ते मनाला लागलंच. ‘बत्तीस वर्सं झाले, मले नाई दाखोलं काही,’ त्या भांडी घासताना म्हणाल्या. त्या थट्टा करत होत्या की खरंच रुसल्या होत्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.

डेपोत मामाजी पोटाचे जाणकार झाले. कोणी कंडक्टर छातीखाली हात धरून दिसला की ते त्याला बाकावर बसवून विचारत, ‘काळं होते का?’ भर फलाटावर, त्यांच्या त्या आवाजात. दोघा-तिघांनी लाजून डेपो बदलून मागितला असं माझा नवरा म्हणायचा, पण एका ड्रायव्हरने खरंच ‘हो’ म्हटलं होतं, आणि मामाजींनी त्याला तिथल्या तिथे वर्ध्याच्या गाडीत बसवून दिलं. तो वाचला. पुढे दर दिवाळीला त्याच्या घरून करंज्या यायच्या.

घरातलं तिखट कमी करणं हे काम माझ्याकडे आलं. त्यांच्या ताटात मी फिकं वरण वाढलं की ते एकदा ताटाकडे पाहत, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या कपाळाला आठी दिसली की निमूट जेवत. सासूबाई आतून म्हणायच्या, ‘माहं तं कधी आयकलं नाई.’ तीन महिन्यांनी पुन्हा पाहायला बोलावलं होतं. खळगा भरून आला होता, तिथे नुसती फिकट खूण उरली होती. या खेपेला ओरडावं लागलं नाही. मी दारातून आत आल्याबरोबर त्यांनी स्वतःच तोंड उघडलं.

त्यानंतर सोळा-सतरा वर्षं ते जगले. पोटाने पुन्हा त्रास दिला नाही. शेवटची वर्षं त्रास दिला तो गुडघ्यांनी. एव्हाना गुडघ्यात घालायचीही दुर्बीण निघाल्याचं मी कुठेतरी वाचलं होतं, पण घरात मी त्याचा विषय काढला नाही.